पत्रके लोकांसाठी, भाषा मात्र कोणाची?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. खानदेशाला संमेलनांचे अप्रूप नाही. जळगावला १९३६ व १९८४ साली, धुळ्याला १९४४ साली आणि अमळनेरला यापूर्वी १९५२ साली साहित्यिकांचा मेळा भरून गेला आहे. मराठीच्या प्राचीनतेचा आणि वैभवाचा जयघोष अशा प्रसंगी होतो, आणि तो करण्यात वावगे काही नाही. परंतु ज्या भाषेचा जयघोष होतो तीच भाषा कागदावर उतरून चोपड्याच्या किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याच्या हाती येते तेव्हा ती त्याला आपली वाटते काय, हा प्रश्न त्या जयघोषात बुडून जातो. कचेरीतून आलेला मराठी कागद मराठी माणसाला दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागतो. ज्याला अक्षर येते त्याचीही यातून सुटका नाही. साक्षरतेचे वर्ग काढून हे दुखणे बरे होणार नाही, कारण दोष वाचणाऱ्याच्या डोळ्यांत नसून लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

बोलल्यासारखे लिहावे, हा सल्ला शाळेतल्या निबंधापुरता आहे असे मानण्याची पद्धत पडली आहे. लेखनशैली ही ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीची गोष्ट, तिच्याशी राजकारणाचा संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचा संबंध थेट राजकारणाशी आणि अर्थकारणाशी आहे. रस्त्यावर कोठे अडवणूक दिसली की अर्थशास्त्र पहिला प्रश्न विचारते तो हा की, या नाक्यावर पैसा कोण गोळा करतो? लिहिण्याची भाषा बोलण्यापासून तोडली की तिच्यावरही असाच नाका उभा राहतो, आणि त्याचा भरणा कष्टकऱ्यालाच करावा लागतो.

कर्ता नसलेले वाक्य

शासकीय पत्रांतील एक वळण सर्वांच्या परिचयाचे आहे. विषय वरीलप्रमाणे, संदर्भ खालीलप्रमाणे, आणि मग, अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत असून यथावकाश कळविण्यात येईल. या वाक्यात क्रियापदे दोन आहेत, कर्ता एकही नाही. कार्यवाही कोण करणार, कोणती करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. बोलताना मराठी माणूस असे बोलत नाही. बैलाला पाणी पाजण्यात आले आहे, असे कोणी सालदार मालकाला सांगत नाही. मी पाजले किंवा धाकट्याने पाजले, असेच तो सांगतो. कारण बैल तहानलेला राहिला तर जाब कोणाला विचारायचा हे दोघांनाही ठाऊक असते. बोलण्यात जबाबदारीचे माणूस समोर उभे असते. कचेरीच्या मराठीने प्रथम त्या माणसाला वाक्यातून हाकलले, आणि मग जाब विचारायला आलेल्याला रिकामी खुर्ची दाखविली.

शब्द बदलून वस्तुस्थिती झाकण्याचा सर्वांत मोठा दाखला खुद्द या राज्याच्या कायद्यात आहे. १९६३ साली महाराष्ट्राने एक अधिनियम करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'दुष्काळ' या अर्थाचा इंग्रजी शब्दच काढून टाकला. शासन पिकांच्या परिस्थितीवर सतत नजर ठेवते आणि टंचाईची चाहूल लागताच मदत करते, तेव्हा दुष्काळाला आता वाव उरलेला नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. कायद्यात 'टंचाई' राहिली, दुष्काळ गेला. त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ साल उजाडले. मे १९७३ मध्ये राज्यातील सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होती आणि सुकडी खाऊन दिवस काढीत होती. त्या सालाला गावोगाव आजही 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात. बहात्तरची टंचाई म्हणणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. विधिमंडळाने रद्द केलेला शब्द लोकांनी आपल्या जिभेवर जिवंत ठेवला. रोजगार हमीचा १९७७ चा कायदाही ज्या अनुभवातून आणि लोकांच्या ज्या रेट्यातून आला, त्याला लोक दुष्काळ म्हणत होते म्हणूनच त्या रेट्यात जोर होता.

ही खोड अजून गेलेली नाही. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असल्याचे जाहीर झाले आणि ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला. त्या आठ दिवसांत विहिरींच्या तळाशी काही बदलले नव्हते. शेतकरी आपल्या घरी सांगतो की पाणी आटले. पाणी आटल्यासदृश आहे, असे तो सांगत नाही. तसेच २०२४ साली तलाठ्याचे पद 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आणि कोतवालाचा 'महसूल सेवक' झाला. पाटी बदलली. गावात मात्र तो तलाठी आप्पाच राहिला, आणि फेरफाराची नोंद वेळेवर होते की नाही एवढेच लोक विचारीत राहिले.

तहसील कचेरीच्या आवाराबाहेर या भाषेवर जगणारा एक व्यवसाय उभा आहे. अर्ज लिहून देणारा, आलेल्या नोटिशीचा अर्थ सांगणारा, कोणता कागद जोडायचा हे कानात सांगणारा, अशा सर्वांची मिळकत कागदाच्या दुर्बोधतेवर अवलंबून असते. दलालाला दोष देऊन भागणार नाही. बाजारात जी वस्तू दुर्मिळ केली जाते तिची किंमत चढते, आणि इथे अर्थ हीच वस्तू दुर्मिळ केली गेली आहे. सातबाऱ्यावर बोजा चढला आहे, अमुक दिवसात हरकत घे, हे दोन वाक्यांत सांगता येते. ते दीड पानात सांगितले की वाचून देणाऱ्याची मजुरी त्या शेतकऱ्याच्या खिशातून जाते आणि हरकतीची मुदत निघून गेली तर जमीनही जाते.

धुळ्याचा तुरुंग आणि जळगावचे जाते

गहन विचार साध्या बोलण्यात मावत नाही, अशी यावर पंडितांची सबब असते. या सबबीला खानदेशाच्या मातीनेच उत्तर देऊन ठेवले आहे.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी राजकीय कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिले झाले आणि १९ जूनच्या रविवारी अठरावे. विनोबांचा संस्कृतचा व्यासंग असा होता की त्यांनी मनात आणले असते तर कैद्यांपुढे भाष्यकारांच्या मतमतांतरांचा डोंगर उभा करता आला असता. त्यांनी समोरच्या माणसांशी बोलणे पसंत केले. शेत, घर, आई, मूल, रोजचे काम यांतून दृष्टांत काढले, वाक्ये लहान ठेवली, प्रश्न स्वतःच विचारले आणि स्वतःच सोडविले. ते बोलणे साने गुरुजींनी झरझर लिहून घेतले. ग्रंथ म्हणून आज जे वाचले जाते ते मुळात तुरुंगातले बोलणे आहे. गीतेविषयी विनोबांची मते समाजवाद्याला मान्य असोत वा नसोत, मराठी विचारगद्याचा नमुना म्हणून त्याने ते पुस्तक उघडावे. कर्म, विकर्म, अकर्म यांसारखा जटिल विषय त्यात पाठशाळेत पाऊल न टाकलेल्या माणसाला ऐकून कळतो. त्याच्या आधी विनोबांनी 'गीताई' रचली होती, तीही आईला संस्कृत गीता समजेना आणि प्रचलित मराठी रूपांतरेही अवघड वाटत म्हणून. ऐकणारे माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिण्याची ही रीत होती.

गुरुजींची स्वतःची घडणही याच रीतीची. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना त्यांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक चालविले आणि १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले. मुलांनी उद्या सकाळी वाचायचे म्हणून आज रात्री लिहायचे, या शिस्तीत लेखकाला मुखवटा चढवायला सवड मिळत नाही. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत उतरले. त्याची मांडणी पाहावी. प्रकरणांना तिथे 'रात्र' म्हटले आहे, कारण श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो आहे. गुरुजींच्या भावविवशतेवर टीका करणारे विद्वान पुष्कळ झाले. पण ज्या घरांत दुसरे पुस्तक नव्हते त्या घरांत हे एक पुस्तक का पोचले, याचे उत्तर त्या टीकेत मिळत नाही. ते पुस्तक वाचून दाखविता येत होते, आणि ऐकणाऱ्याला मध्ये कोठेही अर्थ विचारावा लागत नव्हता.

दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी माधव जूलियन होते. फारसीचे ते प्राध्यापक, प्रारंभी फारसी शब्दांच्या थाटात कविता केलेले, आणि पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' हे पुस्तक १९३८ मध्ये आले. मराठी कोणते शब्द ठेवील व कोणते टाकील, याचा काथ्याकूट त्या काळी जोरात होता. त्याच जळगावात तेव्हा छप्पन्न वर्षांच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात आपली गाणी रचून म्हणत होत्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. आसोद्याला जन्मलेल्या या शेतकरी बाईची गाणी घरातल्या मुलांनी टिपून ठेवली म्हणून वाचली, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. त्याच साली अमळनेरला संमेलन भरले होते. भाषेचा कारभार पाहणाऱ्यांच्या पंगतीत भाषा जिवंत ठेवणारीला पान मांडलेले नव्हते. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. हा गौरव योग्यच झाला. परंतु निरक्षर बाईचे नाव कमानीवर घालणाऱ्या समाजाने तिच्या भाषेतली एक गोष्ट तरी उचलावी, ती ही की तिच्या गाण्यात मनासारखी अमूर्त गोष्टही डोळ्यांना दिसेल अशा रूपात येते. प्रबंध लिहिणाऱ्याला आणि पत्रक लिहिणाऱ्याला हे जमत नसेल तर उणेपणा मराठीचा नाही.

शुद्धतेचा बडिवार

भाषेच्या प्रतिष्ठेचा मुद्दा पुढे करणाऱ्यांना इतिहासाचे स्मरण द्यावे लागते. तेराव्या शतकात महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला तो चक्रधरांचे बोलणे जसेच्या तसे जतन करण्याच्या आग्रहातून. केशवराजसूरीसारखा संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतात लिहू पाहत होता तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडविले. त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. सातशे वर्षांपूर्वीचा तो निर्णय शुद्ध लोकशाहीचा होता. ज्ञान कोणापर्यंत पोचवायचे हे आधी ठरले आणि भाषा त्यावरून ठरली.

एकोणिसाव्या शतकात हा क्रम उलटा झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडविली. फुले लिहीत ते सभेत बोलल्यासारखे लिहीत. वाक्य लांबले तर रागाने लांबे. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. शेतसारा, पाटबंधाऱ्याची पाणीपट्टी, सावकारी, कोर्टकचेरीतली लुबाडणूक यांचा असा हिशेब त्या काळी दुसऱ्या मराठी लेखकाने मांडलेला नाही. शास्त्रीबोवांचे व्याकरण बिनचूक होते, आणि शेतकऱ्याच्या घरातला हिशेब त्यांच्या व्याकरणात बसत नव्हता. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचे बोलावणे आले तेव्हा फुल्यांनी ते नाकारले, आणि या ग्रंथकारांच्या पुस्तकांचा शूद्रातिशूद्रांच्या जगण्याशी मेळ बसत नाही असे स्पष्ट कळविले. हा प्रश्न तेव्हाही शैलीचा नव्हता.

परके शब्द गाळून भाषा सोपी होते, हाही एक भ्रम आहे. जमीन, मजूर, हप्ता, वसुली, मुकादम, तगाई हे शब्द अरबी-फारसीतून आले, आणि शेतकऱ्याच्या तोंडी ते इतके मुरले आहेत की त्यांचे मूळ त्याला सांगावे लागते. त्यांच्या जागी संस्कृत धातूंतून नवे शब्द पाडले की ते शब्द त्याला परके होतात. नवे शब्द करूच नयेत असा याचा अर्थ नाही. 'महापौर' रुळला, 'दिनांक' रुळला. तोंडात बसले म्हणून रुळले. शब्दाची जात पाहू नये, तो चालतो की नाही ते पाहावे.

चळवळीची पोथी

सरकारी कागदावर कोरडे ओढणे सोपे आहे. समाजवादी चळवळीने आपल्या पत्रकांकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे. शेतीमालाच्या भावावर निघालेले पत्रक बहुधा कसे सुरू होते? नवउदारमतवादी धोरणांच्या परिप्रेक्ष्यात कृषिक्षेत्रातील अरिष्टाचे संरचनात्मक स्वरूप अधिकाधिक तीव्र होत असताना... हे वाक्य संपेपर्यंत बाजार समितीच्या आवारात उभा असलेला शेतकरी पत्रकाची घडी करून तिच्यात तंबाखू बांधतो. त्याला अरिष्ट ठाऊक नाही असे नव्हे. ते त्याच्या गाडीत भरलेले आहे. पत्रकाने ते त्याच्यापासून दूर नेले.

तीच गोष्ट अशी लिहिता येते. परदेशी कापसावर ११ टक्के आयातकर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो काढला, आणि नंतर ही सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. म्हणजे खानदेशातला कापूस घरात येण्याच्या ऐन दिवसांत परदेशी गाठींना दार उघडे होते. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. व्यापाऱ्याने कोणता भाव दिला ते पावतीवर पाहा. फरक किती पडला, तो कोणाच्या निर्णयाने पडला, याचा हिशेब मागायला या. इतके लिहिले की कर्ता कळतो, तारीख कळते, आकडा कळतो आणि काय करायचे तेही कळते. विश्लेषण यात कमी झालेले नाही. आयातकर, हमीभाव आणि बाजारभाव यांचा संबंध यात पुरता आला आहे; 'परिप्रेक्ष्य' तेवढे गेले.

चळवळीच्या भाषेचा हा रोग मराठीपुरता नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये येनानला माओने पक्षातल्या ठोकळेबाज लेखनावर सडकून टीका करणारे भाषण केले, आणि पुढे त्याच्याच वचनांचे लाल पुस्तक पाठांतराची पोथी बनले. १९४६ मध्ये इंग्रज समाजवादी लेखक जॉर्ज ऑर्वेल याने राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील निबंधात दाखवून दिले की अस्पष्ट लेखन हे बहुधा न सांगण्याजोगी कृत्ये झाकण्यासाठी उपयोगी पडते. दोन्ही उदाहरणांतून एकच धडा निघतो. पोथीची भाषा विरोधकाला फसवीत नाही. ती स्वतःच्या कार्यकर्त्याला फसविते. शब्द तयार मिळाले की त्याला विचार केल्याचे समाधान लाभते, आणि गावात जाऊन विचारण्याची गरज उरत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

शास्त्रीय काटेकोरपणाला पारिभाषिक शब्द लागतात, हा पहिला आक्षेप. तो अंशतः खरा आहे. पण परिभाषा केवळ विद्यापीठातच तयार होते हे मात्र खोटे. सोसायटीचे थकलेले कर्ज कागदोपत्री भरून पुन्हा उचलण्याला बँका नूतनीकरण म्हणतात आणि शेतकरी 'नवे-जुने' म्हणतो. नूतनीकरण ऐकून काहीतरी नवे झाले असे वाटते. 'नवे-जुने' ऐकताच कळते की जुनेच कर्ज नव्या तारखेने बसले आहे. आगाऊ पैसा देऊन मजुराचे श्रम आणि स्वातंत्र्य बांधून घेण्याच्या व्यवहारावर अर्थशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिले. त्या व्यवहाराला गावात 'उचल' हा दोन अक्षरांचा... नव्हे, तीन अक्षरांचा शब्द आधीपासून आहे. वर्षभराच्या बोलीवर राबणाऱ्या माणसाला खानदेशात 'सालदार' म्हणतात आणि आखाजीला त्याचे साल ठरते. सातपुड्याच्या पायथ्यापासून दरसाल ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीच्या बाजूला जाणाऱ्या कुटुंबांची मोजदाद 'कोयत्या'वर होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. अहवालातले 'हंगामी स्थलांतरित मजूर' हे शब्द यातले काही सांगत नाहीत. दोन माणसे एका हत्याराच्या नावाने मोजली जातात आणि बाईचा हिशेब वेगळा होत नाही, हे सारे 'कोयता' या शब्दात आहे. ज्या अभ्यासकाला हा शब्द अशास्त्रीय वाटतो त्याने आपले शास्त्र तपासावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बोलल्यासारखे लिहावे हे कबूल. पण कोणाच्या बोलण्यासारखे? पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत अर्ध्या इंग्रजीतून जे बोलले जाते तेही सहज बोलणेच आहे, आणि आजकाल वृत्तपत्री स्तंभांत तेच खेळकर शैली म्हणून मिरवते. शहाद्याच्या मजुराला ते कचेरीच्या मराठीइतकेच दूरचे. धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांत अहिराणी बोलणारे लाखो लोक आहेत. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी आपली भाषा खानदेशी अशी नोंदविली त्यांचीच संख्या १८ लाखांच्या वर आहे. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीची मांडणी मराठीच्या खंडात न करता भिल्ल बोलींबरोबर केली होती. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा मुलांना तर प्रमाण मराठी शाळेत जाऊन नव्याने शिकावी लागते. तेव्हा सहज लेखनाचा एकच साचा सर्वांना लागू करता येणार नाही. लेखकाने आधी वाचक ठरवावा. बोलीतले पत्रक बोली बोलणाऱ्या कार्यकर्त्यानेच लिहावे. १९७२ च्या आगेमागे त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याला, भूमिहीन भिल्लांचे आंदोलन उभे राहिले त्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा त्याच समाजातला कार्यकर्ता पुढे होता, हा योगायोग नव्हता. बाहेरून आलेल्याने 'मना', 'तुना' आणि 'शे' एवढे तीन शब्द पेरून बाकीचे भाषण पोथीतून करावे, हा प्रकार लोकांना लगेच ओळखू येतो. ती नक्कल असते, आणि नकलेत तुच्छता लपत नाही. अहिराणी येत नसेल त्याने सरळ मराठीत लिहावे. लोक प्रमाण मराठीला भीत नाहीत, तिच्या आडून होणाऱ्या टाळाटाळीला भितात.

तिसरा आक्षेप असा की, लोकांच्या बोलीत बोलून लोकांना फसविणारे पुढारी कमी आहेत काय? जाहिरातदार आणि जातीच्या नावाने मते मागणारे सर्वांत रसाळ बोलतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच रसाळपणा ही कसोटी होऊ शकत नाही. बोलक्या लेखनाची कसोटी ही की ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता यावा. फसविणाऱ्याचे बोलणे टाळी घेते आणि पुढे जाते. त्यात तारीख नसते, आकडा नसतो, स्वतःवर घेतलेली जबाबदारी नसते. ज्यात या तिन्ही गोष्टी आहेत असे साधे वाक्य धूर्ताला परवडत नाही, कारण पुढच्या बाजाराच्या दिवशी कोणीही ते त्याच्या तोंडावर फेकू शकतो. समाजवाद्यांनी सोपी भाषा धूर्तांच्या हाती सोडून दिली आणि आपण अवघड भाषेत खरे बोलत राहिलो यात धन्यता मानली, हा पराभव भाषेचा नाही, आळसाचा आहे.

करावयाचे काय

उपाय खर्चाचे नाहीत. पत्रकाचा मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी मोठ्याने वाचला जावा, आणि तो समितीच्या बैठकीत न वाचता ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यासमोर वाचला जावा. कापसाचे पत्रक बाजार समितीच्या ओट्यावर वाचावे, रोजगाराचे पत्रक कामाच्या ठिकाणी, रेशनचे पत्रक दुकानासमोरच्या बायकांच्या रांगेत. ऐकणारा ज्या शब्दापाशी 'म्हणजे काय?' असे विचारील तो शब्द खोडावा आणि त्याने स्वतः कोणता शब्द वापरला तो लिहावा. प्रत्येक वाक्यात काम करणारा कोण हे दिसावे. 'करण्यात आले' असे जेथे आले असेल तेथे कोणी केले हे विचारावे. उत्तर माहीत नसेल तर ते आधी शोधून काढावे आणि मगच लिहावे. तालुक्याच्या प्रत्येक शाखेत एका तरी तरुण कार्यकर्त्याला, आणि एका तरी बाईला, लिहिण्याचे काम द्यावे. त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करता येतात, पण जिल्ह्याच्या कार्यालयात बसून लिहिणाऱ्याला गावातले बोलणे उसने आणून देता येत नाही.

शासनाकडेही ही मागणी रेटली पाहिजे. मराठी राजभाषा झाल्याचा कायदा १९६४ सालचा. त्याने कचेरीतली इंग्रजी पुष्कळशी हटविली. कचेरीची भाषा लोकांची होण्याचे काम शिल्लक राहिले. जमीन, पीककर्ज, पीकविमा, रेशन आणि मजुरी यांबाबत नागरिकाला जाणाऱ्या प्रत्येक कागदावर पहिल्या तीन ओळींत काय झाले, कोणी केले, आणि कोणत्या तारखेपर्यंत कोठे हरकत घ्यायची, हे लिहिलेच पाहिजे असा नियम हवा. अशा कागदाअभावी मुदत चुकली तर ती चुकी अर्जदाराची धरू नये. मोर्च्याच्या मागण्यांत रस्ता, वीज, पाणी यांच्या जोडीला ही मागणी येत नाही, कारण भाषा ही पोटाची गोष्ट आहे हे अजून कोणाच्या ध्यानी आलेले नाही. ज्याची जमीन एका न समजलेल्या नोटिशीवर गेली आहे त्याला ते कोणी सांगावे लागत नाही.